फलकावर अनुपमाचं नाव

अनुपमाचं नाव फलकावर लिहिलं ते रत्नप्रभानेच, आणि तेही ठसठशीत, वळणदार अक्षरात, खाली लाल खडूची दुहेरी रेघ ओढून. घाटकोपरच्या टेकडीवर नळाच्या कोपऱ्यात क्रीडा मंडळाचा काळा फलक होता आणि गेली दहा वर्षं त्यावर तिचंच अक्षर असायचं. कुणाची मुलगी दहावीला पहिल्या वर्गात आली, कुणाची आजी वारली, मंगळवारी पाणी येणार नाही, सगळं तीच लिहायची. मंडळातल्या बाकीच्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढलेले. त्यामुळे सोमवारी सकाळी संघाचे प्रशिक्षक दत्तारामदादांनी मजकूर सांगितला आणि कामावर जायच्या घाईत तिने तो उतरवून टाकला. "कुर्ला येथील अंतिम सामन्यात आपला महिला कबड्डी संघ एका गुणाने पराभूत. कारण : कु. अनुपमा हिने शेवटच्या चढाईत दम सोडला."

तिला त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मंडळाची पद्धतच होती ती. सामना हरला की ज्याच्या हातून चूक झाली त्याचं नाव फलकावर, आणि पुढचा सामना जिंकेपर्यंत ते तिथेच. दादांनी ही पद्धत त्यांच्या गिरणीच्या संघातून उचलून आणली होती. पुढे संपात गिरणी गेली, दादांची नोकरी गेली, घरातली माणसं गावाला परत गेली, पण पद्धत मात्र शाबूत राहिली. आपल्याकडे नको त्या गोष्टी भारी टिकाऊ असतात.

आता चूक म्हणजे झालं होतं काय? शेवटचं मिनिट, बरोबरीत सामना. एकोणीस वर्षांची अनुपमा चढाईला गेली, समोरच्या एकीला शिवून वळली. मधली रेषा हातभर उरली होती. कुणी तिला धरलं नव्हतं, अडवलं नव्हतं. आणि तोंडातलं 'कबड्डी कबड्डी' एकाएकी बंद पडलं. दम तुटला, ती बाद झाली, सामना गेला. मैदानात ती तशीच उभी होती, तोंड उघडं ठेवून. रत्नप्रभा संघाची व्यवस्थापक म्हणून कडेला लिंबं आणि ग्लुकोजची पिशवी घेऊन बसली होती. तिने पाहिलं आणि तिच्याही मनात पहिल्यांदा आलं ते हेच, काय गं बाई ही पोरगी!

बुधवारी संध्याकाळी अनुपमा तिच्या घरी आली. रत्नप्रभा पोळ्या लाटत होती.

"रत्नाताई, तेवढं नाव पुसाल का? आईला रोज पाण्याला तिथेच उभं राहावं लागतं."

रत्नप्रभाने लाटणं खाली ठेवलं नाही. "अगं, माझंही नाव लागलं होतं अडुसष्ट साली. मी काय मेले? त्यातूनच तर घडले. तू पुढचा सामना जिंक, मी स्वतःच्या हाताने पुसते की नाही बघ."

अनुपमा माठातलं पाणी घेऊन प्यायली आणि गेली. रत्नप्रभाला आपण फार मोलाचं काही सांगितलं असं वाटलं. त्या रात्री तिला झोपही छान लागली.

शुक्रवारपासून सरावात घोडं पेंड खायला लागलं. अनुपमा रेषेपर्यंत धावत यायची, श्वास भरून घ्यायची आणि 'क'वर अडायची. नुसता 'क', 'क', 'क'. गळ्याच्या शिरा तट्ट फुगायच्या, पण पुढचं अक्षर येत नसे. दुसऱ्या आठवड्यात तर साध्या बोलण्यातही ती अडायला लागली. दुकानात काडेपेटी मागायला गेली तर बोटाने दाखवायची. नळावरची पोरं तिला बघून 'क क क' करत कोंबडीसारखी मान हलवायची आणि रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

दादांनी उपाय सुरू केले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आधी टेकडीला वीस फेऱ्या, छाती मजबूत व्हावी म्हणून. मग बादलीत तोंड घालून श्वास धरायचा. मग सगळ्या मुलींना गोल उभं करून मधे अनुपमा, आणि 'कबड्डी' नीट म्हटल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. सहाचे साडेसात झाले. शेवटी नंदा, संघाची कर्णधार, म्हणाली, "दादा, माझ्या घरी स्वयंपाक पडलाय. हिच्यापायी आमची वाट कशाला?" सगळ्याजणी अनुपमाकडे अशा बघायला लागल्या, जणू ती त्यांची वैरीणच होती.

"नाटकं आहेत सगळी," दादा रत्नप्रभाला म्हणाले. "जबाबदारी नको पोरीला. आमच्या वेळी एक ठेवून दिली की आवाज फुटायचा."

रत्नप्रभाने मान डोलावली, पण त्या गोल रिंगणावरून तिची नजर हटेना.

रविवारी पाण्याच्या रांगेत अनुपमाच्या आईने, रुक्मिणीने, तिला गाठलं. नवरा धोंडू संपानंतर गावाला गेला तो तिकडेच होता, आणि ही बाई चार घरची धुणीभांडी करून दोन पोरी सांभाळत होती. एरवी मान वर करून न बोलणारी. त्या दिवशी तिने हंडा धाडकन फरशीवर आपटला आणि आपल्या मालवणीतच पोरीचं गाऱ्हाणं घातलं.

"रत्ना, माझा चेडू दोन दिवस जेवूक नाय गो! मागच्या चढणीन जाता-येता, ह्या कोपऱ्यार पाय ठेवणा नाय. काल म्हणता, आई, मी नसतंय तर बरा झाला असता. ह्या तू लिवलंस मा? तुझ्याच हातान? देवान तुका अक्षर दिल्यान ता ह्याच्यासाठी?"

रत्नप्रभाने अर्धा भरलेला हंडा उचलला आणि रांग सोडली. एरवी तिच्या तोंडाला कुणी लागत नसे.

दुसऱ्याच दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अनुपमाला घेऊन स्टेशनच्या पूर्वेला मृणालिनीबाईंच्या दवाखान्यात गेली. शाळेच्या कचेरीत काम करताना तिची या डॉक्टरीणबाईंशी ओळख झाली होती. बाईंनी अनुपमाला तपासलं, दार लावून अर्धा तास तिच्याजवळ बसल्या. मग तिला बाहेर बसवून रत्नप्रभाला आत बोलावलं.

"छाती ठणठणीत आहे. घसा ठणठणीत आहे. भीती बसलीय पोरीच्या मनात. मोठ्या रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग असतो, मी चिठ्ठी देते. पण आधी तो तुमचा फलक काय प्रकार आहे तो बंद करा. हा असला अघोरीपणा कुणाच्या डोक्यातून निघाला?"

"पद्धत आहे बाई ती. माझंही नाव लागलं होतं. मी नाही का..."

"त्यानंतर किती वर्षं खेळलात?"

"लग्न ठरलं माझं, मग सोडलं."

"लग्न कधी झालं?"

"सत्तर साली."

"आणि नाव कधी लागलं होतं म्हणालात?"

रत्नप्रभाने मनात हिशेब केला. अडुसष्टची दिवाळी झाली आणि नाव लागलं. त्यानंतर ती एकदाही मैदानात उतरली नव्हती. पायात गोळे येतात असं सांगायची. मग आईला बरं नाही. मग लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला होता तिने. सतरा वर्षं ती सगळ्यांना सांगत होती की मी लग्नासाठी खेळ सोडला, आणि सांगता सांगता तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादांचा राग आला, मंडळाचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो पोळ्या लाटत अक्कल शिकवणाऱ्या त्या बाईचा. 'त्यातूनच घडले' म्हणे! काय घडली होती ती? लिंबाची पिशवी धरणारी!

घरीही न जाता ती थेट नळाच्या कोपऱ्यावर गेली. भर दुपारी, चार बाया बघत असताना, तिने एकीच्या हंड्यातलं पाणी घेऊन पदराने फलक पुसून काढला. अनुपमा चार पावलं मागे उभी होती. ती वळून मागच्या चढणीने घरी निघाली. रत्नप्रभाला वाटलं, पोरीला भरून आलं असेल.

संध्याकाळपर्यंत मंडळाचे चिटणीस नंदकुमार यांनी त्यांच्या कोंबडीच्या अक्षरात सगळा मजकूर पुन्हा लिहिला होता. खाली एक ओळ वाढवली होती, "परवानगीशिवाय फलक पुसणाऱ्यावर मंडळ कारवाई करील." म्हणजे आधी टेकडीला एकच विषय होता, आता दोन झाले.

रत्नप्रभा दादांच्या खोलीवर गेली. दादा एकटेच स्टोव्हवर चहा करत होते. तिने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. दादांनी ती चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि परत दिली.

"वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं पोरीला? उद्या लग्न कोण करणार तिच्याशी? तू करणार?"

"वेडी नाही ती, दादा. घाबरलीय. आपण घाबरवलंय तिला."

"येत्या रविवारी मुलुंडची स्पर्धा आहे. तिथे ती चढाई करील, आपण जिंकू आणि नाव पुसू. झकास बरी होते की नाही बघ. अपमान अपमानानेच धुतला जातो."

"आणि पुन्हा अडली तर?"

दादांनी चहा गाळला, एक कप तिच्यापुढे ठेवला. "रत्ना, माझ्याकडे काय उरलंय सांग. गिरणी गेली. लोक रस्त्यात ओळख देत नाहीत. हा संघ आहे म्हणून मला अजून कुणी दादा म्हणतं."

तिला त्यांची कीव आली, नाही असं नाही. पण त्या किवेपेक्षा राग वरचढ होता. "तुमची गिरणी गेली त्याची भरपाई ह्या पोरींनी करायची का, दादा? त्यांनी बंद पाडली गिरणी?"

दादांचा चेहरा उतरला. चहा तसाच ठेवून ती निघाली.

मुलुंडच्या मैदानावर रविवारी सकाळी फक्कीच्या ताज्या रेषा आखल्या होत्या. माणसं जमली होती, कर्णा खरखरत होता. दादांनी बारा जणींची यादी लिहून आणली. त्यात पहिलं नाव अनुपमाचं, आणि तिच्यापुढे 'चढाई'. त्यांनी सवयीने यादी रत्नप्रभाच्या हातात दिली. महिला संघासोबत महिला व्यवस्थापक हवीच आणि यादीवर तिची सही हवीच, असा स्पर्धेचा नियम होता. दहा वर्षं रत्नप्रभा न वाचता सही करत आली होती. त्या कामासाठीच तर तिला ठेवलं होतं. दुसरी कुणी बाई दादांच्या हाताखाली टिकत नव्हती.

तिने यादी वाचली. पेनाचं टोपण लावलं.

"अनुपमाचं नाव काढा. मग सही करते."

दादांना आधी थट्टा वाटली. मग ते लाल झाले. "तू कोण गं ठरवणारी?"

"मी व्यवस्थापक. यादीवर माझी सही लागते ना? तीच मी करत नाहीये."

"तिच्याशिवाय चढाई कोण करणार, तू?"

"ते तुम्ही बघा. तिला पुन्हा त्या रेषेवर उभी करून चारचौघांत तिचा तमाशा मी होऊ देणार नाही."

नंदकुमारांनी समजूत घातली, मग दम भरला, मग मंडळातून काढण्याची भाषा केली. नंदा रडकुंडीला आली, "ताई, वर्षभर घाम गाळलाय आम्ही, असं नका ना करू." पंचांनी घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं. दादा हट्टाला पेटले होते, नाव काढतील तर शपथ. रत्नप्रभाही इरेला पडली होती. दोघांच्या मधे तो कागद, आणि समोरचा संघ रेषेपाशी उड्या मारत अंग मोकळं करत होता. अनुपमा बाकावर बसली होती, गुडघ्याला पट्टी बांधून, कुणाकडे न बघता. तिच्याकडेही कुणी बघत नव्हतं.

पंचांनी शिट्टी मारली आणि कर्ण्यावर जाहीर केलं, घाटकोपरचा संघ यादी देऊ न शकल्यामुळे समोरच्या संघाला पुढे चाल देण्यात येत आहे. लोकांनी हुर्यो केली. नंदाने डोक्याची रिबीन काढून जमिनीवर फेकली.

"झालं समाधान?" दादा म्हणाले.

रत्नप्रभाला भीती वाटली नाही. उलट कितीतरी वर्षांनी छाती भरून आल्यासारखं वाटलं. कुणीतरी अडुसष्ट साली आपल्यासाठी हे करायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं. अनुपमा बाकावरून उठून तिच्याकडे येताना दिसली. रत्नप्रभाने दोन्ही हात पुढे केले, खोटं कशाला सांगा, पोरगी गळ्यात पडेल असंच तिला वाटलं होतं.

अनुपमा दोन हातांवर थांबली.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"काय गं?"

"मला खेळायचं होतं."

"अगं, पण तुझा आवाज अडतोय. तुला त्या रेषेवर..."

"चढाई नव्हती करायची मला! मी को... को..." ती अडली. मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं. नंदाने पुढे होऊन विचारलं, "कोण? कोणी काय केलं?" रत्नप्रभाच्याही तोंडाशी काहीबाही आलं होतं. ते गिळून तिने नंदाला हाताने मागे सारलं आणि उभी राहिली. कितीतरी वेळ गेला. कर्ण्यावर पुढच्या संघांची नावं पुकारून झाली.

"कोपऱ्यात," अनुपमा म्हणाली. "कोपऱ्यात उभी राहणार होते. पकडीला. तिथे तोंडाने काही म्हणावं लागत नाही. माझी पकड चांगली आहे, ताई. आठ दिवस मी हे सांगायला बघतेय. दादा म्हणतात चढाईच कर. आई म्हणते घरात बस. तुम्ही म्हणता खेळूच नको. मी अडले की तुम्ही सगळे आपलंच बोलून मोकळे होता. फलकावर लिहिलंत तेव्हा मला विचारलं नाहीत. मी पुसा म्हटलं तेव्हा पुसलं नाहीत, आणि पुसलंत ते सगळी टेकडी बघत असताना, मला न विचारता. आज ह्यांचा सगळ्यांचा सामना घालवलात माझ्या नावावर. आता ह्या मला काय म्हणतील? निदान आज तरी विचारायचं होतं ना, ताई!"

'तुझ्यासाठीच केलं ना गं' हे शब्द रत्नप्रभाच्या ओठांवर आले. तिथेच तिला त्यांची लाज वाटली. इतके दिवस तिच्या रागाला दादा होते, नंदकुमार होते, फलक होता. आता त्या रागाला जायला जागाच उरली नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा चुकलं."

दादा लगबगीने जवळ आले. "पुरे झाला तमाशा. लोक बघतायत. टेम्पो उभा आहे बाहेर, चला."

"टेम्पो थांबेल, दादा. ती बोलतेय."

"बोलली ना एवढं! अजून काय?"

अनुपमा त्यांच्याकडे वळली. "दादा, तुम्हालाही सांगायचंय. त्या रिंगणात..." आणि ती पुन्हा अडली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. दादांनी तोंड उघडलं. रत्नप्रभाने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते मिटलं. नंदाने जमिनीवरची रिबीन उचलली आणि ती तिथेच उभी राहिली. बाकीच्या मुली बाकावरून एकेक करून जवळ आल्या. कुणी काही सुचवलं नाही. दादा घड्याळाकडे बघत का होईना, थांबले.